दहा बाय बाराची धुरपतामावशी

अन्याय झाला तो धुरपताबाई साळवे यांच्यावर. कधी, तर १९७४ साली, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचं ऊन अजून कोवळं असताना. कुठं, तर परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. नगरपालिकेनं त्यांच्या राहत्या घराची उगवतीकडची भिंत पाडली. जागा त्यांच्या मालकीची होती, खरेदीखत झालेलं होतं, शेजाऱ्याची तक्रार नव्हती, रस्ता अडत नव्हता. गुन्हा एकच होता, घर लहान होतं.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाकीची गावं निर्धास्त होतील.

हे सगळं मी त्याच आठवड्यात पत्रकात लिहून वाटलं होतं. आमची पाच-सहा पोरांची एक मंडळी होती आणि उधारीवर आणलेलं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. पत्रकात मी मावशीला ‘एक असहाय श्रमिक भगिनी’ असं लिहिलं आणि मोठ्या अभिमानानं तिला वाचून दाखवलं. मावशीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “ही कोन बाई हाय रे? लय रडकी दिसायली.” मग ते पत्रक तिनं चुलीत सारलं. वर मला सांगितलं की तुझा कागद चांगला आहे, लवकर पेट घेतो, आणखी दहा-वीस देऊन जा.

म्हणून आता पुन्हा लिहितो. पत्रकात ती मावली नव्हती.

धुरपतामावशी बुटकी आणि रुंद होती. चालताना एक खांदा पुढं काढून चालायची, जशी काही वाटेत गर्दी आहे आणि तिला त्यातून जागा करायची आहे. वाट रिकामी असली तरी तसंच. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या बाईशी ती घरात बसून बोलायची आणि त्या बाईला ऐकायला बाहेर यावं लागायचं नाही. माहेर-सासर दोन्ही चारठाण्याच्या बाजूचं. तिथली जुनी देवळं बघायला लांबलांबून लोक येतात. मावशीला कुणी विचारलं की देवळं पाहिलीत का, तर म्हणायची, “बगितली की. भाईरून.” एवढंच बोलून पुढच्या विषयावर जायची.

नवरा लवकर गेला. बहात्तरच्या दुष्काळात ती आपली लेक सखू हिला घेऊन आमच्या गावी आली, रस्त्याच्या कामावर खडी फोडली, दुष्काळात सरकार वाटायचं ती सुकडी खाल्ली, आणि पाऊस पडल्यावर परत गेली नाही. सरकारी क्वार्टर्सचं बांधकाम निघालं होतं, तिथं बिगारी म्हणून लागली. डोक्यावर घमेलं आणि तोंडात बातमी. कुठल्या क्वार्टरला किती खोल्या, कुठल्या साहेबाच्या बायकोनं ओटा फोडून पुन्हा बांधायला लावला, हे गावाला तिच्याकडूनच कळायचं. एका क्वार्टरचं खोलीएवढं न्हाणीघर बांधून झालं तेव्हा ती दिवसभर हसत होती. म्हणाली, “साहेब आंगोळीला जाणार म्हंजी पाहुन्याच्या घरी गेल्यावानी जाणार.”

तिची जागा दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब. ही जागा शिवलिंगआप्पांची. आप्पांचं किराण्याचं दुकान, मागं गोदाम, आणि गोदामाच्या अंगाला हा तुकडा उरलेला. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि जिभेवर सदा कुरकुर असा हा माणूस. मावशीनं हातातल्या पाटल्या मोडून तो तुकडा घेतला. आप्पा म्हणाले होते, बाई, इथं मी रिकामी पोती टाकायचो, तुम्ही काय करणार? मावशी म्हणाली, “मी भरलेली ठिवीन.”

घर तिनं स्वतः उभं केलं. दगड-मातीच्या भिंती, वर लाकडाच्या कड्या, कड्यांवर काटक्या आणि त्यावर पांढरी माती घालून केलेलं माळवद. हात वर केला की छताला लागायचा. माळवदाला उजेडासाठी एक भोक आणि भिंतीला भाकरीएवढा झरोका. आत बाज, चूल, उतरंड, शिंकं, आणि खुंटीला बाबासाहेबांचा फोटो. हातातली वस्तू ठेवायची तर आधी दुसरी उचलावी लागायची. पण दाराबाहेर ओटा होता, आणि जगणं सगळं ओट्यावर चालायचं. धान्य निवडणं, भांडण, पाहुणचार, दुपारची झोप, सखूच्या वेणीफणीपासून माझ्या अकलेची तपासणी करण्यापर्यंत.

पाहुणा आला की मावशी म्हणायची, “आत या, आत या,” आणि ते असं म्हणायची की वाटावं आत दिवाणखाना आहे. पाहुणा आत शिरला की स्वतः बाहेर यायची. मग तो आत बाजेवर आणि ती उंबऱ्याबाहेर, अशा गप्पा व्हायच्या. यजमान दाराबाहेर आणि पाहुणा घरात, असं मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

आणि एक खोड. जगातली प्रत्येक गोष्ट ती आपल्या घरानं मोजायची. एसटी म्हणजे तीन घरं. आप्पांचं दुकान दीड घर. परभणीहून साहेब यायचा त्याची जीप पाऊण घर, “आन त्येच्यात एकटाच बसतो बिचारा.” तिच्या या मोजमापानं आम्ही सगळे बोलायला लागलो होतो. आमच्या मंडळीची कचेरी भाड्यानं घेताना आमच्यातल्या एकानं गंभीर चेहऱ्यानं मालकाला विचारलं होतं की खोली किती धुरपताची आहे.

घर बांधून झाल्यावर मावशी घराचा नंबर मागायला पालिकेत गेली. दारावर पत्र्याची नंबरपट्टी लागते ती. पट्टी असली की नळ मिळतो, रेशन कार्डावर पत्ता येतो, आणि मुख्य म्हणजे ते घर आहे हे गावानं कबूल केलेलं असतं. मावशीला ती पट्टी हवी होती. त्या मागणीपायीच पालिकेला तिच्या घराचा पत्ता लागला. गप्प बसली असती तर कुणी आलं नसतं. आमच्याकडं कायदा मागायला गेलेल्यालाच तो आधी धरतो.

मोजायला ओव्हरसियर हाश्मीसाहेब आले. उंच, वाकलेले, शेरवानीच्या जमान्यातून चुकून बुशशर्टात आल्यासारखे. माणूस सरळ होता. नियम सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू घरातली काही वाईट बातमी सांगतायत. नियम असे. घराच्या चारी अंगांना तीन-तीन फूट जागा मोकळी सोडली पाहिजे. राहायची खोली निदान शंभर चौरस फुटांची पाहिजे. छत नऊ फूट उंच पाहिजे. खिडकी अमुक एवढी पाहिजे.

मावशी म्हणाली, मला तोंडी हिशेब कळत नाही, जमिनीवर काढून दाखवा. हाश्मीसाहेबांनी आप्पांच्या दुकानातून चुन्याची फक्की मागवली आणि घरासमोरच्या रस्त्यावर दहा बाय बाराचा चौकोन काढला. मग या बाजूनं तीन फूट सोडले, त्या बाजूनं तीन फूट, पुढून तीन, मागून तीन. मध्ये उरली चार बाय सहाची एक पेटी. गल्ली गोळा झाली होती. मावशी त्या पेटीत जाऊन उभी राहिली, मग बसली, मग दोन्ही बाजूंना हात लावून पाहिले.

“साहेब,” ती म्हणाली, “येवढ्या जागंत मानूस निजतं, पर परत उठत न्हाई.”

हाश्मीसाहेबांना हसू आलं आणि ते त्यांनी रुमालात घेतलं. मावशीनं विचारलं, मग या जागेवर कायद्यानं काय बांधता येतं? साहेबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा त्या पेटीकडं पाहिलं. “काहीच नाही बाई. जागा घेता येते, विकता येते, कर भरता येतो. बांधता काही येत नाही.”

छताचं ऐकून तर ती खरंच चकित झाली होती. म्हणाली, मी पाच फूट बी न्हाई, माझ्या डोक्यावरची चार फूट हवा कुनासाठी ठिवायची?

नोटीस आली, मुदत आली, मुदत गेली, आणि बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहारी घेऊन माणसं आली.

आता ऐका. पाडायला आलेले मजूर पालिकेनं रोजावर घेतलेले होते, आणि त्यातले तिघं दुष्काळी कामावर मावशीच्या जोडीनं खडी फोडलेले. ते येऊन मान खाली घालून उभे. मावशीनंच त्यांना पाणी दिलं. म्हणाली, “तुमचा रोज बुडवू नका. मातूर माझी एक बी वस्तू मोडली न्हाई पायजे.”

पालिकेचाही हाच नियम होता. सामान सुखरूप बाहेर काढून मालकाच्या ताब्यात द्यायचं आणि मग पाडायचं. उतरंड बाहेर आली, शिंकं आलं, बाबासाहेबांचा फोटो मावशीनं स्वतः आणला. मग बाज. बाज दारातून येईना. आडवी केली, येईना. उभी केली, छताला अडली. तिरपी केली तर पाय दाराच्या चौकटीत आणि मजुराचा हात पायात. आमच्या भागात घर बांधताना दार सगळ्यात शेवटी बसवतात, आणि मावशीनं दार बसवायच्या आधीच सुताराला बोलवून बाज आतच जोडली होती, आतच सुंभानं विणली होती. पुढं क्वार्टर्सच्या कामावर एक जुनं दार स्वस्तात मिळालं, ते अरुंद होतं, ते बसवलं. बाज कायमची घरात राहिली. सखूनं तेव्हाच सांगितलं होतं, आई, ही बाज आता भाईर कशी निघंल? मावशी म्हणाली होती, तिला कुठं जायचंय?

मुकादमानं फर्मावलं, बाज मोडा. मावशी दारात आडवी झाली.

“घर तुमच्या कायद्यात बसंना, ते मी आयकलं. बाजंला कोनता कायदा हाय ते सांगा.”

हाश्मीसाहेबांनी खिशातला कागद काढून पाहिला. बाजेला कुठलाच कायदा नव्हता. ती निव्वळ बाज होती, कायदेशीर, आणि ती सुखरूप बाहेर यायला हवी होती. ऊन चढत होतं. गल्लीतला प्रत्येक माणूस सल्ला देत होता. आप्पा दुकान उघडं टाकून आले आणि वेसणीला धरून बैल वळवावा तशी बाज वळवायला सांगू लागले. शेवटी साहेबांनी निर्णय दिला की बाज काढण्यापुरती उगवतीची भिंत पाडा. पाडली. बाज बाहेर आली. तोवर उन्हानं पार कहर केला होता. मजूर त्याच बाजेवर ओळीनं बसले आणि त्यांनी भाकरी सोडली, मावशीनं त्यांना कांदा आणि ठेचा दिला. जेवण झाल्यावर ते म्हणाले, आता उन्हाचं काम व्हायचं नाही. साहेबांनी लिहिलं, एक भिंत पाडली, उरलेलं काम नंतर.

उगवतीचीच भिंत का, हे मला त्या वेळी कळलं नव्हतं. पुढं आभाळ भरून आलं तेव्हा कळलं. आमच्याकडं पाऊस मावळतीकडून मारतो. हाश्मीसाहेबांना ते ठाऊक होतं.

पण पडलेली भिंत ती पडलेली भिंत. मी त्या दिवशी इतका संतापलो होतो की रस्त्यातच भाषणाला उभा राहिलो. मावशीनं थोडं ऐकलं आणि म्हणाली, बोलतोस चांगला, पर मधी दम घेत जा. मग तिनं जुनं लुगडं त्या भिंतीच्या जागी बांधलं आणि सखूला सांगितलं, आता आपल्या घराला खिडकी अमुक एवढी झाली.

त्यानंतर ती भिंत उभी करायचे दोन रस्ते तिला सांगितले गेले, आणि दोन्ही सांगणारे तिच्या भल्याचेच होते.

पहिले आप्पा. त्याच संध्याकाळी ते मावशीकडं आले आणि आवाज खाली करून म्हणाले, बाई, माझ्याकडं एक जुनी पिंड आहे, ती घरात ठेवा, दाराला शेंदूर लावा, देवळाला कोण पालिका हात लावते? सगळ्या गावात पाहा, रस्त्याच्या मधोमध मारुती उभा आहे, त्याला कुणी तीन फूट सोडायला सांगितलं? सल्ला पक्का होता. मावशी हसली. “आप्पा, सोडलेल्या देवास्नी राखणीला परत बोलवू व्हय? ते म्हंतील, गरज पडली की आली. आन समद्यात आदी ते मलाच भाईर काढतील.”

आप्पा रागावले नाहीत. पिंड घेऊन परत गेले, जाताना कुरकुरले की या बाईचं भलं करणं म्हणजे दगडाला तेल लावणं.

दुसरा रस्ता हाश्मीसाहेबांनी काढला. ते स्वतः चालत आले. ओट्यावर बसले. म्हणाले, रात्रभर मी नियम वाचले. माणसाच्या खोलीला शंभर चौरस फूट लागतात. गोठ्याला अशी काही अट नाही. गोठ्याला छताची उंची नाही, खिडकी नाही. तुम्ही अर्ज करा की हा गोठा आहे. मी मंजूर करतो, भिंत बांधून घ्या, आत कोण राहतं ते मी पाहायला येत नाही.

मला तर हा तोडगा फार आवडला. नियमाचं नाक नियमानंच कापलं जात होतं. मी अर्ज लिहायला कागद काढला. सखूच्या तोंडावर हसू आलं. मावशीनं मात्र आधी साहेबांना चहा दिला आणि हळू आवाजात बोलली. तिचा हळू आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

“साहेब, तुमी भला मानूस. पर आमच्या आज्याला गावाच्या भाईर ठिवलं व्हतं, जनावरं गावात व्हती. आमी छप्पन साली मानसं झालो. आता भिंतीसाठी परत गोठ्यात लिवून घेऊ? पडली ऱ्हाऊ द्या. लिवायचं तर घर लिवा.”

हाश्मीसाहेबांनी चहा संपवून कप ओट्यावर ठेवला. उठताना त्यांनी सलाम केला, कमरेत वाकून, क्वार्टर्समधल्या मोठ्या साहेबांना करायचे त्याहून खोल.

मग मावशीच्या डोक्यानं घेतलं की नियम कुणी केला त्याला भेटायचं. भांडायला नव्हे, तिला खरंच कुतूहल होतं. एसटीनं मावशी, सखू आणि मी असे तिघं परभणीला गेलो, वाटेत झरीला गाडी बंद पडली तेव्हा तिनं उतरून ड्रायव्हरला बरंच मार्गदर्शन केलं. परभणीच्या एका कचेरीत एका कारकुनानं सांगितलं की नियम वरून आले. वरून म्हणजे कुठून, तर औरंगाबादेहून. तिथं कुठून, तर मुंबईहून. दुसरा म्हातारा कारकून म्हणाला, त्याच्याही आधी हैदराबादेत होते, आणि तिथं गोऱ्या साहेबाच्या मोठ्या शहराचं पुस्तक पाहून उतरवले. मावशीनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. बाहेर येऊन पेरूवाल्याकडं पेरू घेतला आणि म्हणाली, “म्हंजी ज्यानं नियम केला त्यानं माझी जागा बगितलीच न्हाई. मग त्याच्यावर राग तरी कसा धरावा. बोलवून दाखवली पायजे.”

गोऱ्या साहेबाला बोलावणं अवघड होतं, म्हणून तिनं पालिकेला बोलावलं. घरभरणीला. घरभरणी राहिलीच होती, नंबर मिळाल्यावर करू म्हणून थांबली होती. आता तिनं ठरवलं की तीन भिंतींची घरभरणी करायची, धम्मदीक्षेच्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला. अध्यक्ष, मुख्याधिकारी, सगळे नगरसेवक, हाश्मीसाहेब, पाडायला आलेले मजूर, सगळ्यांना तिनं स्वतः जाऊन आवतण दिलं.

नगरसेवकांतले दोघं आले. बाकीच्यांनी कामाचं कारण सांगितलं. खरं कारण साळव्यांच्या घरचं जेवण हे होतं, आणि ते आवतण देणारीलाही ठाऊक होतं. अध्यक्षांनी शिपाई पाठवून दिलगिरी कळवली. शिपाई दोनदा जेवला. आप्पा आले, बट्टीला हात लावला नाही, गव्हाची खीर मात्र तीन वाट्या खाल्ली. घरी काय सांगितलं ते त्यांचं तेच जाणोत. बुद्धवंदना झाली, बट्ट्या, वरण, वांग्याची भाजी झाली, आणि मावशीनं आग्रह धरला की जेवलेल्या प्रत्येकानं एकदा आत जाऊन यायचं. घरभरणी आहे, घर भरलं पाहिजे. एक आत, एक बाहेर.

हाश्मीसाहेबांची पाळी आली. ते वाकून आत गेले, बाजेवर टेकले. बाहेर दसऱ्याचं ऊन रणरणत होतं. आत पांढऱ्या मातीचा गारवा, पोटात वरण-बट्टी, आणि पडलेल्या भिंतीच्या जागचं लुगडं वाऱ्यानं हलतंय. पुढचा पाहुणा ताटकळला. साहेब बाहेर येईनात. मावशीनं लुगड्याची कड बाजूला करून पाहिलं. साहेब आडवे झाले होते. पाय बाजेच्या बाहेर, तोंड उघडं, घोरणं पार आप्पांच्या गोदामापर्यंत.

दोघं नगरसेवक, शिपाई, मजूर, आम्ही सगळे लुगड्याच्या फटीला डोळे लावून. शिपायाला खोकला आला तेव्हा मावशीनं त्याच्या पाठीत धपका घातला.

“गप ऱ्हावा. झोपू द्या त्येला. मानूस ऱ्हायलाय आत.”

साहेब उठले ते उन्हं कलल्यावर. ओशाळले. तोंड धुतलं, चहा घेतला. मग म्हणाले, “बाई, माझ्या क्वार्टरला चार खिडक्या आहेत, चारीमधून ऊन येतं. बारा महिने झाले, दुपारी डोळा लागला नव्हता.”

सोमवारी कचेरीत जाऊन त्यांनी शेरा लिहिला, तो मला तोंडपाठ आहे. ‘प्रत्यक्ष वास्तव्याअंती सदर घर मनुष्यवस्तीस योग्य आढळले.’ घर लिहिलं. गोठा नाही, बांधकाम नाही, घर. त्याच आठवड्यात ज्या मजुरांनी भिंत पाडली होती त्यांनीच ती उभी केली, रोज न घेता. एकानं माती कालवताना विचारलं, मावशी, दार रुंद करायचं का, बाज निघंल. मावशीनं त्याच्यापुढं मातीचं आणखी एक घमेलं ओतलं.

मुख्याधिकाऱ्यांनी पुढं तो शेरा खोडला. खाली लिहिलं, नियमात तरतूद नाही. हाश्मीसाहेबांची बदली झाली. मावशी त्यांना एसटीवर पोचवायला गेली, भाकरी बांधून दिली आणि सांगितलं, नव्या गावात दुपारी झोप आली न्हाई तर हिकडं या. घर मात्र पुन्हा कुणी पाडलं नाही. एका शेऱ्यानं ते घर होतं, दुसऱ्यानं नव्हतं. नंबरपट्टी आली नाही, नळ आला नाही, पाणी आप्पांच्या आडावरून यायचं. अशी चार वर्षं मावशी दोन शेऱ्यांच्या मधल्या जागेत मजेत राहिली. सखूचं लग्न तिनं त्याच ओट्यावर लावलं. जावई घरजावई झाला, आणि एक माणूस वाढल्यावर, तिच्या म्हणण्याप्रमाणं, घर उलट मोठं झालं, कारण तो उंच होता आणि वरची खुंटी आता वापरात आली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात, पावसाच्या थोडं आधी. ती माळवदावर चढली होती. पावसाआधी दरवर्षी माळवदावर नवी पांढरी माती घालून ती धुमसावी, म्हणजे लाकडी धुमसानं ठोकून घट्ट बसवावी लागते. कासोटा खोचलेला, हात कोपरापर्यंत पांढरे, आणि चालू कामात खालून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी. मी पालिकेतून येत होतो. तिथल्या फळ्यावर बांधकामाच्या नव्या नियमांचा मसुदा लावला होता. तो आणखी कडक होता. आता तर एवढ्या लहान जागेचं खरेदीखतही व्हायचं नाही, असं त्यात होतं. हे तिला कसं सांगावं, या विचारात मी सायकल धरून उभा राहिलो. तिनंच वरून हाक मारली.

“काय लिवलंय रे नव्या नियमात? माझ्यायेवढं घर बसतंय का?”

मी म्हणालो, नाही मावशी. आधीच्या नियमात बसत नव्हतं, यात तर जागाच बसत नाही.

तिनं धुमस खाली ठेवलं. कमरेवर हात ठेवून गावाकडं नजर टाकली. माळवदावर उभी राहिली की ती कुणाहूनही उंच दिसायची.

“मंग नियम ल्हान हाय,” ती म्हणाली. “वाढवायला सांग त्यास्नी.”

आणि पुन्हा माती धुमसायला लागली.

श्रावणात तिला ताप आला, आणि आठवडाभरात गेली. त्याच घरात, सखूच्या मांडीवर. आता सखू, तिचा नवरा आणि त्यांची तान्ही लेक तिथं राहतात. दिवाळी झाल्यावर सखूच्या नावानं नोटीस आली आहे. तीच जागा, तेच घर, तोच गुन्हा.

तुम्ही हे वाचताय त्या गावालाही पालिका आहे आणि तिच्या कपाटात असंच एक पुस्तक आहे. वाचून हळहळू नका, हळहळीचा काही उपयोग नाही. उद्या सकाळी कचेरी उघडली की जा. बांधकामाचे नियम मागा, दाखवत नसतील तर पुन्हा मागा. माणसाच्या राहत्या खोलीला निदान किती चौरस फूट लागतात ते पान काढा. आणि समोर बसलेल्या साहेबाला विचारा की ज्याची जागा याहून लहान आहे, त्यानं या गावात कुठं राहायचं. उत्तर लेखी मागा. मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.